मागच्यांचं कडवं

मुलांनो, समोर एक पांढरी चादर आहे असं समजा. भिंतीवर ताणून खिळ्यांना बांधलेली. त्या चादरीवर तुम्हीच दिसताय, दारापेक्षा मोठे. तोंड असं उघडलंय की पडजीभसुद्धा दिसतेय. आणि सगळा गाव बसून बघतोय. कुठे तोंड लपवू असं होईल की नाही?

तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यात, समाजमंदिराच्या सतरंजीवर बसलेल्या जमुनाबाईंना त्या संध्याकाळी अगदी तसंच झालं.

साठीला टेकलेल्या जमुनाबाईंचा आरशाशी संबंध कुंकवापुरता. वर्षभर त्या बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकायच्या आणि वर्षातून एकदा गावच्या संगीत नाटकात आईचं काम करायच्या. मुलगा समुद्रावर गेलेला, आई त्याला हाक मारतेय, असं त्या आईचं गाणं होतं. किनाऱ्यावर वाळूत मंच बांधायचा आणि तिथे जमुनाबाईंनी ते गायचं, हे ठरलेलंच. स्वतःला गाताना मात्र त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

यंदा अक्षयने नाटकाचं चित्रीकरण केलं होतं. हा अक्षय बोईसरच्या कारखान्यात कामाला आणि नाटक मंडळाचा चिटणीस. मंचाच्या अगदी पुढ्यात कॅमेरा लावून त्याने सगळं नाटक उतरवलं आणि पालघरच्या एका स्पर्धेला पाठवलं. परीक्षकांचं मत आलं, म्हणून आज सगळे जमले होते.

चादरीवरच्या जमुनाबाईंनी तान उचलली. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या.

"आजी, तुझ्या गल्यात दोऱ्या हायत?" मांडीला टेकून बसलेल्या सात वर्षांच्या दीपिकाने, त्यांच्या नातीने, विचारलं.

"अगो जमने," ढोलकी वाजवणारे दादूकाका पलीकडून म्हणाले, "त्या कॅमेऱ्याला गिलतेस का काय?"

सगळे हसले. जमुनाबाईही हसल्या, पण पदर तोंडाशी धरून.

गाणं संपलं. अक्षयने मोबाइल काढला आणि खाली बघतच वाचलं, "आवाज दमदार, पण गरजेपेक्षा चढा. गायिका प्रेक्षकांकडे न पाहता दूर कुठेतरी पाहते. शेवटचं कडवं विसरून पुन्हा म्हणते. या गाण्यासाठी दुसऱ्या आवाजाचा विचार व्हावा."

"विसरते?" दादूकाका ताडकन उठले. "जमनी विसरते? अरे, ते मागच्यांचं कडवं!"

हे मागच्यांचं कडवं काय ते तुम्हालाही सांगायला हवं. होड्या काही नाटकाची वेळ बघून किनाऱ्याला लागत नाहीत. मग मासळी निवडता निवडता बायकांना उशीर होतो. ओल्या लुगड्यांनी, डोक्यावरच्या पाट्यांसकट त्या येतात आणि पुढे न बसता पार मागे, बोंबील वाळवायच्या काठ्यांपाशी उभ्या राहतात. तिथवर माइकचा आवाज वाऱ्याने फाटतो. म्हणून त्या आल्या की आई झालेल्या बाईने माइक सोडायचा, सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांच्याकडे बघायचं आणि शेवटचं कडवं पुन्हा म्हणायचं, मोकळ्या गळ्याने. चित्रीकरणात या बायका कुठेच नव्हत्या. कॅमेऱ्याची पाठ होती ना त्यांच्याकडे!

"मला ठाऊक हाय, दादूकाका," अक्षय म्हणाला. "पन परीक्षकांना कसं कलनार? त्यांनी दिसलं ते लिवलं. पुढच्या वर्षी पयल्या तिघांत आलो, तर पालघरच्या थेटरात खेल लागंल आपला. पोरं कदी धरनं वाट बगतायत..."

जमुनाबाईंकडे बघायचं सगळेच टाळत होते.

"अक्षय, परत लाव," जमुनाबाई म्हणाल्या.

गाणं पुन्हा लागलं. या वेळी पदर तोंडाशी नव्हता. पाटीतला बोंबील उलटापालटा करून पारखावा, तशा त्या चादरीवरच्या बाईला निरखत होत्या.

"खोटं नाय लिवलं त्यांनी," शेवटी त्या म्हणाल्या. "वालूत मी गातंय. हितं मी वरडतंय. भाविकाला द्या गानं."

भाविका बोईसरला गाण्याच्या क्लासला जायची. ती दचकलीच. "नको ना काकी. तुमचं गानं हाय ते."

"माजं कसलं? माज्या आदी दादूच्या आयशीचं होतं. उठ."

भाविका उठली. अक्षयने तिच्या हातात माइक दिला. ती हळू, गोड गायली. 'दिवा ठेवलाय दारात, वाट चुकू नको रे' ही ओळ तर तिने जवळ बसलेल्या माणसाला सांगावी तशी म्हटली. जमुनाबाईंचा कान खोट शोधायला गेला आणि रिकामाच परत आला. पहिली टाळी त्यांचीच पडली. टाळ्या थांबल्यावर मात्र हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते पदराखाली घेतले.

एवढ्यात दाराशी गलका झाला. होड्या लागल्या होत्या. मासळी निवडून बायका आल्या होत्या. डोक्यावर पाट्या तशाच, लुगड्यांच्या कडा ठिबकत होत्या. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"झालं काय गो गानं?" एकीने विचारलं.

"झालं झालं," कुणीतरी म्हणालं.

दीपिका आजीला रेलून बसली होती. आजीची छाती भरून वर आलेली तिला कळली. गाणं उचलायच्या आधी यायची तशीच. तिने मान वर करून पाहिलं. आजीचे ओठ उघडले होते. मग ते मिटले आणि तो भरलेला श्वास नाकावाटे हळूहळू, कुणाला कळू न देता, बाहेर गेला.

आजी आता खाली सतरंजीकडे बघत होती.

दीपिका उठली. मांड्या घालून बसलेल्यांच्या मधून वाट काढत ती भाविकापर्यंत गेली. तिच्या हातातला माइक काढून तिने जमिनीवर ठेवला. ओढणी धरून तिला खाली वाकवलं.

"मागच्या आल्यात," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी हनुवटी धरून तिने भाविकाचं तोंड दाराकडे वळवलं.