माझी वाचा गेली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ब्लेड सर्व्हर आहे. नाव ऐकून दाढीचे पाते डोळ्यांसमोर आणू नका! मी एक चपटा संगणक. माझ्यासारखी भावंडे एकाच लोखंडी कपाटात खेटून बसतात. २०११ साली मी पनवेलच्या एका रुग्णालयात रुजू झालो. कोणाचा रक्तगट कोणता, कोणाला कोणते औषध चालत नाही, हे सारे मी सांभाळत असे.

माझ्या पोटात एक वेगळी चिप होती. तिच्यामुळे आमच्या इंजिनिअर मुबीनाताई रोडपालीच्या घरूनही माझी विचारपूस करत.

एका सकाळी त्यांचे सहकारी दीपेश यांनी त्या चिपचे फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणाऱ्या सूचना, नवे घातले. कपाटाचे फर्मवेअर मात्र जुनेच राहिले. दोघांचे जमेना. चिप मुकी झाली, पंखे भणाणू लागले. नेमके तेव्हाच द्रुतगती मार्गावरच्या अपघातातले जखमी रुग्णालयात आले.

"बंद करून परत चालू करतो," असे म्हणत घाबरलेल्या दीपेशनी माझ्याकडे हात नेला.

"थांबा!" मुबीनाताई धावतच आत आल्या. त्यांनी अपघात विभागातल्या सिस्टरना फोन लावला. "साबिराआपा, पेशंटची माहिती उघडतेय का?"

"उघडतेय गं. पण खुदा के वास्ते काही बंद करू नकोस, दोघं ऑपरेशनला घेतलेत!"

"ऐकलंत? सर्व्हर चालू आहे," त्या दीपेशना म्हणाल्या. "फक्त आपल्याशी बोलत नाहीये."

केवढा शांतपणा तो! त्यांनी माझे चालते काम अलगद शेजारच्या भावाकडे सोपवले. ऑपरेशन थिएटरमध्ये कोणाला काही कळलेही नाही. मग कपाटाचे फर्मवेअर नवे केले आणि शेवटी मला बाहेर ओढून पुन्हा घट्ट बसवले. पंखे शांत झाले. चिप बोलू लागली.

"घाई झाली माझी," दीपेश म्हणाले.

"घाई सगळ्यांचीच होते. पुढच्या वेळी आधी कपाट, मग सर्व्हर," मुबीनाताई हसल्या. संध्याकाळी साबिराआपा स्वतः सांगायला आल्या, दोघेही जखमी शुद्धीवर आले होते.

आज मी कळंबोलीच्या भंगार गोदामात पडून आहे. मला इथे पाठवण्याआधी मुबीनाताईंनी माझ्यातली प्रत्येक नोंद स्वतः पुसली. रुग्णांची गुपिते भंगारात जाऊ नयेत, एवढीच त्यांची तळमळ.

मित्रांनो, एखादे यंत्र गप्प झाले, तर लगेच त्याचे बटण दाबू नका. त्याच्या भरवशावर कोण आहे, ते आधी विचारा.