वन्सं आणि शुक्रवार

धाकटीचे लग्न झाले त्या वर्षी आमच्या कापड कारखान्याचा आठवडा सहावरून चार दिवसांवर आला. मागखात्याच्या दारावर नोटीस लागली तेव्हा मी माझ्या मागावर तुटलेला धागा जोडत होते. मला तेव्हा वाचता येत नव्हते. अक्षरे मी बरीच पुढे शिकले. शेजारच्या मागावरची बाई नोटीस वाचून आली आणि मागांच्या मधूनच ओठांनी म्हणाली, "चार दिवस."

"चार दिवस बंद?" मीही ओठांनीच विचारले.

"बंद नाही गं. चार दिवस काम. शुक्रवार, शनिवार, रविवार घरी. रोजची पाळी तेवढी दोन तासांनी वाढली."

सगळ्या बातम्या तीच पोचवायची, म्हणून तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. या रेडिओचा आवाज मात्र आमच्यातल्या निम्म्या बायकांनी ऐकलाच नव्हता. साठ माग एकदम चालतात तिथे आवाज काढून काही उपयोग नसतो. तोंड मोठे हलवायचे आणि हाताने खुणा करायच्या. कॉलर ओढली म्हणजे मुकादम येतोय. मुठीवर मूठ आपटली म्हणजे चहा. तीस वर्षे आम्ही बाळंतपणांपासून भांडणांपर्यंत सगळे असेच बोललो. त्यामुळे घरी आले की मी एक तर ओरडायचे, नाहीतर नुसतेच ओठ हलवायचे. नवरा म्हणायचा, "माणसात ये जरा. इथं माग नाहीत."

घर तसे वन्संचे होते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचा नवरा वारल्यावर त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा माझा मोठा चार महिन्यांचा होता. मी त्याला त्यांच्या मांडीवर ठेवले आणि मागावर परत गेले. पुढे धाकटीलाही तसेच. मुलांचे खाणेपिणे, शाळा, ताप, खोकला सगळे त्यांनी काढले. मी उजाडायच्या आत निघायचे आणि संध्याकाळी आयत्या ताटावर बसायचे. वन्सं फार बोलत नसत. हाक मारली तर कधी वळत, कधी नाही. मानी बाई आहे, असे सगळे म्हणत. मुलांचे मात्र त्यांच्यावाचून पान हलत नसे. धाकटी सासरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "आई, झोपच लागत नाही गं. पोटावर आत्याचा हात नाही ना."

पहिल्या शुक्रवारी पाचलाच जाग आली. नवरा पाणीखात्यात मीटर तपासायचा. त्याचा आठवडा सहाचाच राहिला होता, म्हणून तो धुसफुसत गेला. मी स्वयंपाकघरात शिरले आणि म्हणाले, "वन्सं, आज तुम्ही बसा. मी करते."

त्या बाजूला झाल्या. भाजी फोडणीला टाकली आणि मी मीठ शोधायला लागले. पहिला डबा उघडला, दुसरा उघडला, पाचवा उघडला. वन्सं भिंतीला टेकून बघत होत्या. शेवटी त्यांनी खिडकीतली बरणी पुढे सरकवली. तीस वर्षे त्या घरात राहून मला मीठ कुठे असते ते माहीत नव्हते.

मला ते लागले. दुपारी मी सगळे डबे घासले आणि उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी ते आपापल्या जुन्या जागी होते. शनिवारी मी परत लावले. रविवारी नवरा वैतागला. "ताई, तुमचं दोघींचं काय चाललंय? मला साधी साखर सापडत नाही."

वन्संनी साखरेचा डबा त्याच्या हातात दिला. पुढच्या शुक्रवारी मी केर काढला, त्यांनी माझ्यामागून पुन्हा काढला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत. मला वाटले, चला, सुटले. पण हातात झाडू घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पुढे काय करायचे ते सुचेना. मागावर मला कधी असे झाले नव्हते.

पाचव्या शुक्रवारी मागच्या खोलीत गेले तर वन्सं पाठमोऱ्या बसून पिशवी भरत होत्या. दोन लुगडी, चष्म्याचे घर, धाकटीचा लहानपणचा फोटो.

"कुठं निघालात?" मी विचारले.

उत्तर नाही. पुन्हा विचारले, जरा जोरात. त्यांनी फोटो लुगड्याच्या घडीत सरकवला. मला राग आला. मी त्यांच्या समोर, खिडकीशी जाऊन उभी राहिले. "वन्सं, मी विचारतेय, कुठं निघालात?"

"चुलत दिराकडे. त्याच्या घरी माणूस हवंय. तू आता असतेस ना इथं."

पण त्या बोलत असताना मी ऐकत नव्हते, त्यांचे डोळे बघत होते. नव्या मुली मागावर येतात तेव्हा बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतात. मुरलेली बाई तोंडाकडे बघते. वन्सं माझ्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी रेडिओ बघते तशा.

मी आवाज न काढता, फक्त ओठांनी विचारले, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

त्या लगेच म्हणाल्या, "कोण म्हणतं ऐकू येत नाही? तू म्हणालीस ते ऐकलं की मी."

"वन्सं, मी आवाज काढलाच नाही."

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "धाकटी पाळण्यात होती तेव्हापासून. आधी एक कान, मग दुसरा."

"मग सांगायचं नाही का?"

"आणि तुम्ही बहिऱ्या बाईच्या हवाली पोर केलं असतंत? रडलेलं कळायचं नाही म्हणून मी तिच्या पोटावर हात ठेवून झोपायचे. पोट हललं की जाग यायची. एकदा चुकले नाही."

पोटावरचा हात मला माहीत होता, धाकटी फोनवर म्हणाली होती. माझ्या ओरडण्याची तक्रार घरात प्रत्येकाने केली होती, वन्संनी कधीच नाही. तेही मला तेव्हाच उमगायला हवे होते, पण मी घरी होते कधी?

"तू सकाळी जायचीस, संध्याकाळी यायचीस," त्या म्हणाल्या. "तेवढं निभावता येत होतं. आता तीन-तीन दिवस तुझ्यासमोर कसं निभावायचं?"

मी म्हणाले, "मला अजून हळद कुठं असते ते ठाऊक नाही. तुम्ही गेलात तर तुमचा भाऊ आठवड्यात वाळेल."

"वाळू दे. पोट सुटलंय त्याचं." पण त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मला एकेक डबा उघडून दाखवला. तुमच्या भावाला, मुलांना सांगू का, म्हणून मी विचारले. नको म्हणाल्या. त्या असेपर्यंत मी ते पाळले.

त्यानंतर शुक्रवार आमचा झाला. मी त्यांना मागावरच्या खुणा शिकवल्या. त्या लवकर शिकल्या आणि चार स्वतःच्या घातल्या. कॉलर ओढायची खूण आम्ही माझ्या नवऱ्यासाठी ठेवली. वन्संना कॉलर नव्हती, त्या पदर ओढायच्या. तो दारात यायचा आणि आम्ही दोघी गप्प बसून हसत असायचो.

"भांडलात की काय?" तो विचारायचा.

"हो," वन्सं म्हणायच्या. "कधीची भांडतेय माझ्याशी."

असे सात वर्षे चालले. धाकटीचा मुलगा पहिलीत गेला त्या वर्षी एकदा मी मागावर असताना मुकादम रेडिओपाशी आला आणि तिच्या कानाशी काही बोलला. ती माझ्याकडे आली. तिने आधी माझा माग बंद केला. दुसरीच्या मागाला आमच्यात कोणी हात लावत नसे, त्यामुळे मला कळले. तरी तिने ओठांनी नीट सांगितले, "घरून फोन आला होता. तुझ्या वन्सं." पुढची खूण तिने केली नाही. बाकीचे एकोणसाठ माग चालूच होते.

वन्सं गुरुवारी दुपारी सव्वातीनला गेल्या. शुक्रवारी मी घरीच होते.