'घावकरी'बद्दल संभाजीचं मत

संभाजी बनसुडे सोळा वर्षं येरवड्याच्या तुरुंगात होता. त्यातली अकरा वर्षं त्यानं तिथल्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात घालवली. पुठ्ठा चढवायच्या आधी पुस्तक वाचायचं, ही सवय तिथंच लागली. सुटून आल्यावर अंथुर्ण्याच्या आपल्या वस्तीवर तो गेलाच नाही. इंदापूरच्या अलीकडं राजलक्ष्मीताईंची उसाच्या रोपांची नर्सरी आहे, तिथं कामाला लागला आणि तिथंच पत्र्याच्या खोलीत राहू लागला.

राजलक्ष्मीताई शेतीची पदवी घेतलेल्या, वाचनाचं वेड असलेल्या. बारामतीतल्या एका वाचनालयात दर महिन्याला वाचकांची बैठक भरायची, तिथं त्या जायच्या. नव्या, खपाच्या कादंबऱ्या आणून वाचून झाल्या की संभाजीला द्यायच्या. दुपारी भाकरी खाऊन झाली की विचारायच्या, "काय संभाजीराव, कशी वाटली?" आणि तो बोलू लागला की मोबाइल पुढं धरायच्या.

एका प्रेमकादंबरीबद्दल तो म्हणाला होता, "ताई, ही पोरगी उसात पांढरी साडी नेसून पळतीया. पाचटानं तिचं तोंड चिरून निघालं असतं. लेखकानं ऊस रसवंतीवरच बघितलाय." एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीबद्दल, "सहाशे पानात एकबी माणूस जेवला न्हाय. लढाया करून करून मेले का उपाशी मेले, कळंना." ताईंनी ही बोलणी वाचकांच्या ग्रुपवर टाकली आणि लोकांना त्याची गोडीच लागली. कुणी नवं पुस्तक टाकलं की खाली चार जण लिहायचे, संभाजीरावांचं मत काय?

तो कशासाठी तुरुंगात होता, हे ताईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानंच सांगितलं होतं. ग्रुपवर मात्र कुणाला माहीत नव्हतं.

मग 'घावकरी' आली. बारामतीचेच माऊली घाडगे यांची. चार महिन्यांत चौथी आवृत्ती. एसटी स्टँडवर, पानटपरीवर, जिकडंतिकडं तिचं लाल मुखपृष्ठ. ताईंनी ती वाचली नव्हती, आधी संभाजीलाच दिली. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी बैठकीत हिच्यावरच बोलायचंय. या वेळी तुम्हीच या, समोर बसून बोला."

तिसाव्या पानावर संभाजीच्या हातातला घास खाली आला.

कालव्याची चारी, चारीवरची बाभूळ, मे महिना, पाण्याची पाळी. सगळं त्याचं होतं. नायकाचं नाव शंभू. आणि ज्याला शंभूनं मारलं त्याचं नाव गेनबा. संभाजीनं मारला होता तो गेणू. त्याच्या भावकीतला, त्याच्याहून एका वर्षानं मोठा. गेणूच्या आईच्या, जयवंताकाकीच्या चुलीपुढं बसून संभाजीनं लहानपणी निम्मी जेवणं केली होती.

कादंबरीतला गेनबा बायकांवर नजर ठेवणारा होता. शंभूच्या बहिणीचा हात त्यानं उसात धरला. शंभूनं भर उन्हात त्याला गाठलं, एकाच घावात मान उडवली, कोयता चारीच्या पाण्यात धुतला आणि पाच ओळींचं भाषण केलं. त्याआधी गेनबा पाया पडत होता. मग बहिणीनं भावाला ओवाळलं.

संभाजीला बहीणच नव्हती.

दोन दिवसांनी विकी नर्सरीत आला. हा वस्तीवरचाच, पंचवीस-सव्वीसचा, वाळूच्या गाड्या चालवणारा. अंगठ्यांनी बोटं भरलेली. बरोबर दोघं. त्यानं संभाजीच्या पायाला हात लावला.

"आण्णा, तुमीच शंभू ना? सगळ्या तालुक्याला कळलंय. आमी ग्रुप काढलाय, घावकरी ग्रुप. रविवारी बारामतीला लेखकांचा सत्कार हाय, तुमचाबी करायचाय. फ्लेक्सवर तुमचा फोटो पायजे. हातात कोयता धरून."

"मी कोयता धरत न्हाय," संभाजी म्हणाला.

"एक फोटो, आण्णा."

"ऊसबी मी कात्रीनं तोडतो. ताईंला इचार."

विकी हसला, पण जाताना एक ट्रे पायानं उलथवून गेला. पन्नास रोपं मातीत पडली. संभाजीनं खाली बसून ती एकेक उचलली. ट्रे उलथला तेव्हा बाजूच्या लाकडी दांड्याकडं त्याचा हात आपसूक गेला होता आणि ते त्याला कळलं होतं.

रविवारी सकाळी अकराला वाचनालयाचं सभागृह भरून सांडलं. एरवी तीस माणसं यायची, त्या दिवशी दीडशे. मागच्या भिंतीला घावकरी ग्रुपची पोरं काळे शर्ट घालून उभी. माऊली घाडगे पुढं बसलेले, गळ्यात हार, चेहरा सौम्य. राजलक्ष्मीताईंनी कादंबरी आता वाचली होती. दारातच त्या म्हणाल्या, "नका बोलू. मी सांगते तब्येत बरी नाही म्हणून."

"वाचलंय तर बोलतो की," संभाजी म्हणाला.

तो उभा राहिला. ताईंनी सवयीनं मोबाइल पुढं धरला.

"पुस्तक येका बैठकीत वाचून हुतं," त्यानं सुरुवात केली. "भाषा झणझणीत हाय. पण ह्यात एका घावात माणूस मरतो. तसं न्हाय हुत."

मागं कुणीतरी शिट्टी मारली.

"मी मारलाय माणूस. त्याचं नाव गेणू. पहिला घाव खांद्यावर बसला, कारण त्यो खाली वाकला. दुसरा हातावर, कारण त्यानं हात आडवा घातला. दोन बोटं गेली. तिसरा मानंवर बसला, पण हाडाला लागून कोयता अडकला. मला पाय लावून ओढावा लागला. लेखकांनी लिव्हलंय कोयता चमकत हुता. त्यो चमकत नव्हता. माझ्या हातातनं निसटत हुता, मूठ रगतानं बुळबुळीत झालेली. आन् मी भाषण केलं न्हाय. मी ओकलो."

संभाजीनं पुस्तकाची काही पानं उलटली.

"बहिणीचा मामला नव्हता. मला बहीण न्हाय. पाण्याची पाळी माझी हुती, त्यानं चारीचं दार आपल्या रानाकडं फिरवलं. आदल्या दिवशी हाटेलात चार माणसांत मला थोबाडीत मारली हुती. त्येवढंच. गेणूनं कुणा बाईकडं कधी वर मान करून बघितलं न्हाय. त्याचं लगीन झालेलं, लहान पोरगी हुती त्याला. ह्या पुस्तकात त्याला गलिच्छ केलाय, मला देव केलाय. दोन्ही खोटं."

माऊली घाडगे किंचित पुढं झुकले. "ही कादंबरी आहे, संभाजीराव. कुणा खऱ्या माणसाची नाही."

"मग चारी कशाला आमची घेतली?"

"ए म्हाताऱ्या, खाली बस!" मागून विकी ओरडला.

"आन् त्यो पाया पडला न्हाय," संभाजी आवाज चढवून म्हणाला. "लगीच मेलाबी न्हाय. अर्धा तास हुता. त्या अर्ध्या तासात त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. ती..."

वाक्य तिथंच तुटलं. एक खुर्ची हवेतून येऊन त्याच्या कपाळावर बसली. बायका किंचाळल्या. काळे शर्ट पुढं घुसले, लोक दाराकडं पळाले आणि त्या रेट्यात संभाजी पायऱ्यांवरून खाली अंगणात ढकलला गेला.

विकीच्या हातात लोखंडी गज होता. "घावकरी ग्रुपची इज्जत घालवतो व्हय?" तो म्हणत होता आणि प्रत्येक शब्दाला मारत होता. पहिला फटका मांडीवर, दुसरा बरगडीवर. संभाजीनं डोक्यावर हात घेतला तेव्हा तिसऱ्यानं कोपराखालचं हाड मोडलं. तो आवाज त्यानं स्पष्ट ऐकला. कुणाचा तरी बूट तोंडावर आला आणि दोन दात जिभेवर आले.

एका क्षणी विकीचा तोल गेला आणि गज निसटून संभाजीच्या उजव्या हाताशी पडला. तो हात शाबूत होता. त्यानं गज धरलाही. समोर विकीचा गुडघा होता, त्याच्या वर उघडं पोट. चारीवरच्या त्या दिवसाचाच जोर त्याच्या दंडात भरून आला, आणि त्या जोराची त्याला शिसारी आली. त्यानं गज अंगाखाली घेतला, त्यावर पालथा पडून राहिला आणि उरलेला मार पाठीवर खाल्ला. पोलिसांची गाडी आली तेव्हा गज त्याच्या पोटाखालून ओढून काढावा लागला.

बारा दिवसांनी दवाखान्यातून सुटून तो नर्सरीत परतला. डावा हात प्लॅस्टरमध्ये, तोंडात फट. तरी खाटेवर बसून उसाच्या कांड्यांवरचे, लागणीचे डोळे मोजून द्यायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. काठी टेकत एक म्हातारी उतरली, मागं सतरा-अठरा वर्षांची मुलगी.

जयवंताकाकी. त्यानं तिला कोर्टात शेवटचं पाहिलं होतं. मागं गेणूची पोर, रेश्मा. बाप गेला तेव्हा ती रांगत होती.

संभाजी उठायला गेला. "बस," काकी म्हणाली. तिनं आसपास पाहिलं, पालथी बादली ओढली आणि समोर बसली.

"रेश्मानं त्या मोबाइलमंदी ऐकवलं तुझं. वस्तीवर सगळ्यांच्यात गेलंय. लोक पुस्तक वाचून माझ्या गेणूला काय काय बोलत हुते, ते जरा थांबलं. त्येवढ्यासाठी आले न्हाय." तिनं काठी मांडीवर आडवी धरली. "त्यानं येकच गोष्ट मागितली म्हणलास. म्होरं आवाज तुटला. काय मागितलं?"

संभाजीनं खाटेवरचा डोळ्यांचा ट्रे बाजूला सारला.

"इतकी वरसं मी इचार करतीया, पाणी मागितलं असंल का. बोल."

"पाणी न्हाय मागितलं, काकी. म्हणला, संभा, ऊन लागतंय. मला सावलीला घे."

"बाभळीच्या?"

"व्हय. चार पावलांवर हुती."

"घेतलास?"

"न्हाय."

"का?"

"भ्यालो. हात लावला तर वाचंल, आन् वाचला तर नाव सांगंल, असं वाटलं. उभा ऱ्हायलो. त्यानं तीनदा म्हणलं. मग म्हणायचं थांबला."

काकी उठली. तिनं काठी दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. मग पाठीवर. मग प्लॅस्टरवर, तशी त्याच्या तोंडून किंकाळी फुटली. राजलक्ष्मीताई ऑफिसातून धावत आल्या, रेश्मानं त्यांना हातानं अडवलं. म्हातारीच्या अंगात किती बळ असणार, पण मोडलेल्या बरगड्यांना तेवढं पुष्कळ होतं. "चार पावलं," ती म्हणत होती. "चार पावलं. चार पावलं." संभाजीनं हात वर केला नाही. तिचे हातच थकले तेव्हा काठी खाली पडली आणि ती पुन्हा बादलीवर बसली, धापा टाकत.

ताईंनी पाणी आणलं. तिनं घेतलं. मग विचारलं, "त्ये पुस्तक हाय का हितं?"

"हाय."

"वाच. मला वाचता येत न्हाय. रेश्माला वाचायला लावलं, तर बापाबद्दल असलं वाचताना तिचा गळा धरतो. तुझा धरला तरी मला काय न्हाय."

चार दुपारी ती आली. संभाजी खाटेवर बसून एका हातानं पान धरायचा आणि फटीतून शब्द निसटत असले तरी वाचायचा. ती मधेच थांबवायची. "गेनबा दारू पितो म्हणतंय? माझ्या पोराला ताडीच्या वासानं मळमळायचं." पुढं कुठं, "ही बाई रडतीया त्ये बरं लिव्हलंय. त्येवढं खरं वाटतंय." मारण्याचं प्रकरण आलं तेव्हा संभाजीनं पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "वाच." त्यानं वाचलं. एक घाव, चमकता कोयता, पाच ओळींचं भाषण.

शेवटचं पान झाल्यावर तिनं पुस्तक मिटायला लावलं. मग राजलक्ष्मीताईंना म्हणाली, "तुमचं त्ये मशीन काढा."

ताईंनी मोबाइल धरला.

"मी जयवंता, गेणूची आई. पुस्तक सगळं ऐकलं. ह्यो गेनबा माझा न्हाय. दुसऱ्या कुणाचा असंल तर त्याच्या आईनं बघावं. माझा गेणू बाभळीखाली जायचं म्हणत हुता. ज्यानं त्याला न्हेलं न्हाय, त्याच्याच तोंडून मी ह्ये पुस्तक ऐकलं. बास."

विकी महिन्याभरात जामिनावर सुटला. 'घावकरी'ची सहावी आवृत्ती निघाली, तिच्यात कालव्याच्या चारीची नदी झाली होती आणि गेनबाचं गोपाळ झालं होतं. बहीण तशीच राहिली. काकीचं बोलणं मात्र वस्तीवर अजून फिरतं आणि गेणूचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात.

काकी परत नर्सरीत आली नाही. संभाजीनं रेश्माकडून निरोप पाठवला होता की अजून पुस्तकं आहेत, चांगली आहेत. तिनं उलटा निरोप धाडला, "त्याला म्हणावं, मला गोष्टींची हौस न्हाय. येक ऐकायची हुती, ती ऐकली."