शेवग्याचा पाला

गुरुवारी दुपारी पानात पुन्हा दुधी पाहिल्यावर कृष्णकांतांनी चमचा खाली ठेवला.

"शमे, बारा दिवस झाले. बकरीसुद्धा माझ्यापेक्षा बरं खाते."

"बकरीच्या हृदयात झडप बसवलेली नसते, बाबा," शर्मिष्ठा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. तिची आई प्रमोदिनीबाई हसल्या. कृष्णकांतही हसले आणि मुकाट्यानं दुधी जेवले. चेन्नईजवळ आवडी इथल्या कारखान्यात पस्तीस वर्षं नियमानं वागलेला माणूस. लेकीनं घालून दिलेला नियमही त्यांनी पाळला.

त्यांच्या हृदयात पाच वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली होती. पंखा बंद असला की तिची टिकटिक ऐकू येई. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि दर महिन्याला तपासणी. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. या वेळी तो थोडा खाली आला होता. अण्णा नगरच्या डॉक्टरांनी गोळी किंचित वाढवली, दोन आठवड्यांनी सोमवारी पुन्हा यायला सांगितलं, आणि बजावलं की खातात तेच खाऊ द्या, काही बदलायचं असेल तर आधी मला फोन करा.

शर्मिष्ठानं ते ऐकलं होतं. पण बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती, डॉक्टरांनी तीन मिनिटं दिली होती, आणि घरी येऊन तिनं इंटरनेटवर वीस पानं वाचली. हिरव्या पाल्यानं गोळीचा जोर कमी होतो, असं त्यांत होतं. कृष्णकांत तर एक दिवसाआड डाळीत शेवग्याचा पाला खात. दारावर भाजी विकायला येणाऱ्या म्हातारीची मुरुंगै कीरै, म्हणजे तमिळमधला हाच पाला, त्यांना इतकी आवडे, की जुडी ते स्वतः निवडत. पाच वर्षं गोळीचं माप त्या पाल्यासकट बसलेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिनं पाला बंद केला. डॉक्टरांना फोन केला नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी प्रमोदिनीबाईंनी गोळी पुढे केली तेव्हा कृष्णकांत म्हणाले, मघाशी दिलीस ना? त्या म्हणाल्या, छे हो, कधी? त्यांनी गोळी घेतली.

शुक्रवारी सकाळी डोकं जड झालंय म्हणता म्हणता त्यांची जीभ अडखळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आकडा नऊवर गेला होता. रविवारी ते गेले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेतलं होतं. हे एखाद्या जास्तीच्या गोळीनं एवढं होत नाही, ते म्हणाले, आठ-दहा दिवस चढत आलेलं दिसतंय. खाण्यात काही बदल केला होता का?

"नाही," शर्मिष्ठा म्हणाली होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला प्रमोदिनीबाई एकच सांगत: माझ्या हातून गोळी दोनदा गेली. ते विचारत होते, मीच ऐकलं नाही. शर्मिष्ठा पाहुण्यांना कॉफी देई आणि रिकामे पेले उचलून आत जाई. असं नसतं गं आई, एवढंच म्हणे.

महिना झाला. एके सकाळी ती म्हातारी फाटकाशी आली, अय्या, म्हणजे कृष्णकांत, गेल्याचं तिनं ऐकलं आणि पाल्याची एक जुडी पायरीवर ठेवून गेली. प्रमोदिनीबाईंनी ती उचलून ओट्यावर ठेवली. मग स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी आणून लेकीच्या पुढ्यात ठेवली. चार दिवस डबी उघडलेलीच नव्हती.

"आजपासून तूच देत जा," त्या म्हणाल्या. "मला माझ्या हाताची भीती वाटते. तू वाचून, समजून करतेस. तुझ्या हातून चूक होत नाही."

शर्मिष्ठानं डबीवर हात ठेवला. घरात पंखा बंद होता आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

"आई, बस इथं. ते गोळीनं झालं नाही. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, महिनाभर मी तुला सांगितलं नाही. पाला मी बंद केला, त्यांना न विचारता, आणि त्यानंच गोळीचा जोर वाढत गेला. काही बदललं का म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. चूक माझ्या हातून झाली, आई. तुझ्या नाही."