शाळेचं हाड

रविवारी माझी लेक आसेकेन्ये महारोग्यांच्या वस्तीत मला भेटायला आली, ती गळ्यात बैलाचं हाड अडकवून. शेकडो पोरांच्या घामानं पिवळं पडलेलं, मळकट दोरीत ओवलेलं. माझ्या पायाच्या जखमेत किडे पडले होते, तेव्हाही मला एवढी किळस आली नव्हती.

फादर वाउटर्स माझी पट्टी सोडत होते. हा डच माणूस नाक न मुरडता आमचा पू पुसतो आणि पुसता पुसता आमच्याच तेसो भाषेत चहाड्या सांगतो, कुणाची शेळी कुणाचा भुईमूग खाऊन आली ते.

"ही काय घाण गळ्यात?" मी लेकीला विचारलं.

ती इंग्रजीत काहीतरी बोलली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"अगं, आईशी तरी नीट बोल."

पुन्हा इंग्रजीच. शेवटी फादरनी मान खाली घालून सांगितलं. माझ्या पोटची पोर काय म्हणते, ते मला परक्या माणसानं समजावायचं. थू असल्या शाळेवर.

शाळेत जो आपली भाषा बोलेल त्याच्या गळ्यात हे हाड. दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं, की त्याच्या गळ्यात घालून आपण सुटायचं. सोमवारी प्रार्थनेला ज्याच्या गळ्यात सापडेल त्याला छड्या, आणि तिसऱ्या खेपेला शाळेतून नाव कमी. आसेकेन्येची ही तिसरी खेप होती. पोरं एकमेकांच्या पाळतीवर असतात, झोपेत बरळणाऱ्यालाही सोडत नाहीत. याला म्हणे शिस्त.

"हेडमास्तरांना मी सांगून थकलो," फादर म्हणाले. "नियम म्हणजे नियम, म्हणतात."

"मग मी बोलतेय ना तेसो? आण ते इकडे."

पोरीनं दोरी घट्ट धरली. मी बोटं झडलेल्या पंजानं ती तिच्या डोक्यावरून ओढून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

सोमवारी फादरनी मला मोटारसायकलवर मागे बसवून शाळेत नेलं. आंब्याखाली पोरं रांगेत उभी होती. हेडमास्तर, ओपोलोत नावाचा, आमच्याच गावचा. माझ्या आईच्या हातची नाचणीची पेज पिऊन वाढलेला. आता कडक इस्त्री आणि काखेत छडी.

मी पुढे झाले. "हाड माझ्याकडे आहे, मास्तर. नियमाप्रमाणे मार."

त्यानं नाकाला रुमाल लावला. मी हात पुढे करून आणखी जवळ गेले.

"जवळ येऊ नकोस, बाई! तिथंच थांब!"

ओरडला तो चक्क तेसोत. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी हाड काढून त्याच्यापुढे धरलं.

"घे. आता तुझ्या गळ्यात."

तो पाय मागे घेत घेत पार व्हरांड्यात गेला आणि तिथून फादरना इंग्रजीत काहीबाही सांगू लागला. मुलीचं नाव राहील, पण हिला आधी इथून न्या, असं म्हणाला म्हणे. मी हाड पायरीपाशी टाकलं आणि निघाले. काम झालं होतं.

पुढच्या रविवारी आसेकेन्ये आली. गळा मोकळा होता, पण हातांची सालं निघाली होती. मी गेल्यावर त्या हेडमास्तरानं, मी उभी होते तिथे फिनेल ओतायला लावलं, जमीन खरवडायला लावली. कुणाकडून, तर माझ्या लेकीकडून. सगळ्या शाळेला रांगेत उभं करून. आमच्या जखमांना वास येतो, पण तो धुतला की जातो तरी.

"मग तू काय केलंस?"

"खरवडली," ती तेसोत म्हणाली. "आणि खरवडताना मोठ्यानं सांगत होते, इथं माझी आई उभी होती."

"तेसोत?"

"मग कशात?"

"आणि कुणी ते हाड घातलं नाही तुझ्या गळ्यात?"

"पायरीपाशीच पडलंय ते, आई. त्याला हात लावायला कुणी धजत नाही."