यम्माचं 'नाही'

पडद्याच्या कोपऱ्यात ती छोटी पाटी महिनाभर येऊन बसत होती. "तुमच्या संगणकासाठी नवी आवृत्ती तयार आहे." मी तिला रोज हाकलायची, ती रोज परत यायची. न मागता कुणी फुकट काही द्यायला दारात उभं राहिलं की माझ्या कपाळावर आठी पडते. ही तर घरात शिरून बसली होती.

संगणक वफीकचा, माझ्या धाकट्या भावाचा. आमच्या अल-मीना बंदरातून बोटीने तो तुर्कस्तानला निघाला तेव्हा मला म्हणाला, "हियाम, हा डबा चालू ठेव. मी यातूनच दिसेन." पुढे रबरी होडीतून ग्रीसला जायचा त्याचा बेत होता. त्या उन्हाळ्यात निम्मी गल्ली त्याच वाटेने निघाली होती. काहीजणांचे पोचल्याचे फोन आले. मागच्या गल्लीतल्या सुबहीच्या आईला, उम्म सुबहीला मात्र अजून आला नव्हता, आणि तिच्या घरासमोरून जाताना आम्ही सगळे खाली मान घालून जायचो.

तुर्कस्तानात इझमीरला पोचल्यावर वफीकचा फोनच कुणीतरी हातातून हिसकावून नेला. सगळे नंबर त्या फोनमध्ये, डोक्यात एकही नाही. आजकाल नंबर पाठ करतंय कोण? मग तो तिथल्या एका सायबर कॅफेत बसून आमच्या डब्यावर फोन लावायला लागला. रोज दिसतोय, बोलतोय, म्हणून माझा नंबर त्याला लिहून घ्यायला सांगावं हे मलाही सुचलं नाही.

त्या गुरुवारी चित्र सारखं गोठत होतं. वफीकचा अर्धा चेहरा हलायचा, अर्धा तसाच राहायचा. मला ते बघवेना. आवाज तुटत तुटत आला, "यम्मा, पलीकडे नेणारा माणूस मिळाला. उद्या रात्री होडी. उद्या मगरिबच्या आधी, सूर्य बुडायच्या आत, मी तुला लावतो. तू राजी आहेस म्हणालीस तर चढतो. नाही म्हणालीस तर मागे फिरतो, बाबांची शपथ."

बाबांची शपथ त्याने उगाच घेतली नव्हती. आमच्याकडे लग्न असो, परदेश असो, आईने तोंडाने "मी राजी आहे" म्हटल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. बाबा एकदाच, आजीशी भांडून, तिचा रुकार न घेता मासेमारीला गेले. होडी सापडली. बाबा सापडले नाहीत. घरात त्यावर कुणी बोलत नाही, पण विसरलंही नाही कुणी. शाळेत शिकलेली मीसुद्धा.

यम्मा, आमची आई, तिथल्या तिथे किंचाळली, "नाही! ऐकलंस? मी राजी नाही! परत ये!"

"काय? यम्मा? ऐकू येत नाहीये... उद्या... उद्या बोलू..." आणि पडदा काळा झाला.

यम्माने खुर्ची मागे सारली. मग म्हणाली, "झाहेरला बोलाव. माझं 'नाही' त्याला नीट ऐकू गेलं पाहिजे."

झाहेर माझा मावसभाऊ. दुपारचा नमाज आटोपून दुसऱ्या दिवशी आला, खिशात सिगारेटी आणि तोंडात बढाई घेऊन. संगणकातलं त्याला कळतं, हे खरं. पण आपल्याला कळतं हे दुसऱ्याला कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"या खटाऱ्यावर आवाज येतो तेच नवल आहे, खाला," तो म्हणाला. "बोलायचा प्रोग्रॅम नवा आणि सिस्टीम आजोबांच्या काळातली. फुकट नवं व्हर्जन देतायत, हिने महिनाभर नाही म्हटलं. हियाम, तुला स्थळं आली तेव्हाही असंच केलंस तू."

"तुझ्यासारखीच आली होती," मी म्हटलं. "आज नको झाहेर. आजचा फोन होऊ दे, मग काय तो खेळ कर."

"कालच्यासारखंच तुटलं तर? खालाने आणखी एकदा घसा फोडायचा?"

मी यम्माकडे बघितलं. ती म्हणाली, "कर." विषय संपला.

झाहेरने त्या पाटीवर बोट ठेवलं. पडदा निळा झाला, मधे एक गोल फिरायला लागला, आणि खाली अक्षरं उमटली: संगणक बंद करू नका. मला ती वाचून बरं वाटेना. आमच्या शहरात ही विनंती माणसाला करण्यात काही अर्थ नाही. वीज काय आमच्या हातात आहे?

"जेवायच्या वेळेपर्यंत होईल," झाहेर म्हणाला.

"आणि लाइट गेली तर?"

"आत्ता जनरेटरवर आहोत ना? अबू दरगामचा जनरेटर त्याच्या बायकोच्या तोंडासारखा आहे, थांबतच नाही. सरकारी लाइट आली-गेली तर अदलाबदलीत क्षणभर झपका बसेल, तेवढं हा यूपीएस धरेल. बॅटरी म्हातारी आहे, पण चार मिनिटं निघतील."

गल्लीला जनरेटरची लाइट अबू दरगामच विकतो, आणि तीतला आमचा वाटा अगदी एवढासा. त्यावर फ्रीज, टीव्ही, दोन दिवे. त्याच्या वर काही लावलं की खटका पडतो. तो खटका घरात नाही, खाली गल्लीतल्या लोखंडी पेटीत. पूर्वी आम्हीच जाऊन वर करायचो. पण काही हुशार लोकांनी पेटीतले खटके बदलून मोठे बसवले, तेव्हापासून अबू दरगामने पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कमरेला. झाहेरने खबरदारी म्हणून फ्रीजही बंद केला, टीव्हीही. घर एकदम मुकं झालं. नुसता डब्यातला पंखा घरघरत होता.

यम्माने मसूर-भाताची मुजद्दरा शिजवली होती, पण कुणी ताट वाढून घेतलं नाही. ती खिडकीशी बसली. तिथून समुद्र दिसतो. दुपारपासून वारा फिरला होता, बेटांकडचं पाणी काळपट दिसत होतं.

"खाला, एक शब्द तर म्हणायचाय, 'नाही'. त्याला एवढी तयारी?" झाहेर हसत म्हणाला.

"पोटच्या पोराला अडवायचंय," यम्मा म्हणाली. "परत आला की आयुष्यभर मला बोल लावेल. लावू दे. समोर बसून लावेल."

झाहेर सिगारेट ओढायला खाली उतरला. मी गच्चीवर कपडे काढायला गेले. पडदा सोडून उठू नये असं वाटत होतं, पण वाऱ्याने चादरी उडायला लागल्या होत्या.

मी गच्चीवर असतानाच गल्लीतून नेहमीचा पुकारा झाला, "लाइट आली!" सरकारी लाइट. ती आली की आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एकच गोष्ट होते. बायका हातातलं काम टाकून उठतात. कुणी धुण्याचं मशीन लावतं, कुणी इस्त्री, कुणी मोटर. सरकारी लाइटीवर काहीही लावा, खटका पडत नाही. आणि ती कधी जाईल ते सरकारलाही ठाऊक नसतं. त्यामुळे विचार करायला कुणी थांबत नाही. हात आपोआप जातो.

यम्माचा हात गिझरवर गेला.

तिला आंघोळ करायची होती. फोनच्या आधी अंग धुऊन, वजू करून, दोन रकात नमाज पढून मग बसायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. मुलाला अडवणारा शब्द मळक्या अंगाने उच्चारायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं. मला हे तिने नंतर सांगितलं, एकदाच, आणि मी परत कधी विचारलं नाही.

मी चादरी घेऊन जिना उतरत होते तेव्हा जिन्यातला दिवा विझला. सरकारी लाइट गेली; इतक्या लवकर ती सहसा जात नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आता जनरेटर घेईल. दिवा पुन्हा लागला, आणि खालून गल्लीतून 'खट्' असा आवाज आला. आमच्या जिन्यातला दिवा विझला तो विझलाच. समोरच्या घरात टीव्ही चालू होता.

मी धावत आत गेले. यूपीएस टीं टीं करून ओरडत होता. पडद्यावर गोल फिरतच होता, खाली तीच अक्षरं. यम्मा न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती. गिझरचं लाल बटण तिच्या डोक्याच्या वरच होतं, आणि तिने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं.

"झाहेर!" मी खिडकीतून ओरडले. "खटका पडला! अबू दरगामला गाठ!"

झाहेर पळाला. मी गिझर बंद केला, त्याने आता काय होणार होतं? टीं टीं आवाज जवळजवळ येत गेला, एकसारखा झाला, मग थांबला. पडदा गेला. डब्याच्या पंख्याचा आवाजही हळूहळू बसला. यम्मा म्हणाली, "मी बंद करणारच होते गं," आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून खुर्चीत बसली. मला तिचा राग आला. आणि त्या रागाची लाजही वाटली.

झाहेर हात हलवत परत आला. अबू दरगाम डोंगरातल्या गावी मयतीला गेला होता, किल्लीसकट. फोन बंद. झाहेरने दगड घेऊन कुलूप ठोकलं, तर अबू दरगामचा भाचा सुरा काढून आला. डबा उचलून शेजारी न्यावा, तर अबू दरगामच्या भीतीने आपल्या वाट्यातली लाइट द्यायला कुणी तयार होईना. आमचं इंटरनेटही त्याच लाइटीवर. झाहेरने स्वतःच्या फोनवर वफीकला शोधायची खटपट केली. त्या नावाचे शेकडो निघाले, आणि आमचा वफीक तिथे कुठल्या नावाने आहे ते त्या डब्यालाच माहीत. दुसरीकडे जाऊन आमचं खातं उघडावं, तर त्याचा पासवर्ड वफीकनेच घालून ठेवलेला.

"खाला, तो वाट बघेल," झाहेर म्हणाला. "फोन लागला नाही तर तो चढणारच नाही. शपथ घेतलीय त्याने."

"हो ना," मी म्हटलं. "रुकाराशिवाय तो चढायचा नाही." आम्ही दोघं हेच एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होतो. मशिदीतून मगरिबची बांग झाली, तेव्हा यम्माने डोळे मिटले. समुद्रावरचा उजेड गेला.

अबू दरगाम अंधार पडल्यावर उगवला. कमरेची किल्ली वाजवत म्हणाला, "गिझरची हौस असेल तर वाटा वाढवून घ्या की, बहिणी. माझ्या कुलपावर दगड कशाला?" मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने खटका वर केला. डबा चालू झाला, आणि पडद्यावर नवीच अक्षरं आली: आधीची आवृत्ती परत आणत आहोत. संगणक बंद करू नका. रात्रभर तो गोल फिरत राहिला. आम्ही त्याच्यासमोर बसून होतो.

सकाळी पडद्यावर वफीकचा जुना फोटो उमटला, बंदरावर जाळं खांद्यावर घेतलेला. झाहेर लाल डोळ्यांनी म्हणाला, "सुटलो. काल होता तस्सा झाला बघा, खाला. कालच्यावर परत गेला. जणू मधे काही झालंच नाही."

मी बोलायचा प्रोग्रॅम उघडला. वफीकने लावलेले आणि आम्ही न उचललेले फोन एकाखाली एक येत गेले. पडदा भरला. सर्वांत शेवटी त्याने लिहिलेलं होतं.

"वाच," यम्मा म्हणाली. तिला अक्षर येत नाही.

मी खोटं वाचणार होते. पण माझा चेहरा तिने आधीच वाचला होता. "आहे तसं वाच, हियाम."

मी वाचलं. "यम्मा, किती वेळ लावतोय. तू उचलत नाहीस. रागावलीयस ना? पण मी तुला ओळखतो. नाही म्हणायचं असतं तर तू पहिल्या घंटीला उचलून माझ्या सात पिढ्या काढल्या असत्यास. तुझ्या तोंडून 'जा' निघत नाहीये, एवढंच. समजलो मी. माणूस बोलावतोय. चढतो. रागावू नकोस. तुझा वफीक."

झाहेर तोंड फिरवून खिडकीशी गेला. बाहेर वारा तसाच होता.

यम्मा उठली. नळाच्या गार पाण्याने तिने हात, तोंड, पाय धुतले. ओढणी नीट घेतली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"लिही. मी राजी आहे."

"यम्मा..."

"माझ्या रुकाराशिवाय गेलाय तो पाण्यावर. त्याच्या बापासारखा. लिही. मी तुझ्यावर राजी आहे वफीक, मनापासून राजी आहे."

मी लिहिलं.

"आता ते कालच्यात घाल."

"काय?"

"झाहेर म्हणाला ना, हा डबा कालच्यावर गेला म्हणून? मग माझा शब्दही कालच्यात जाऊ दे. तो चढायच्या आधी."

झाहेरने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी बटण दाबलं. माझ्या ओळीखाली संगणकाने आपल्या आपण आजची तारीख आणि सकाळची वेळ टाकली. वफीकच्या नावापुढचा ठिपका, तो आला की हिरवा होणारा, करडा होता. अजूनही करडाच आहे.

"पडलं का कालच्यात?" यम्माने विचारलं.

"पडलं, यम्मा," मी म्हटलं.