हलकी होत गेलेली पिशवी

मी एक जुनी बाजाराची पिशवी आहे, मित्रांनो. महाडच्या हलिमाबीनं आपल्या लेकाच्या, मुसैबच्या, जुन्या पँटच्या जाड कापडातून मला शिवलं. मुसैब कुवेतला नोकरीला गेला आणि त्याची बायको रजिया मला घेऊन बाजारात जाऊ लागली. खोटं कशाला सांगू, काय माझा थाट होता! तांदूळ, कांदे, नारळ आणि वर बोंबील. वास यायचा, पण मला त्याचाही अभिमान होता. मासळीवाली आवडी म्हणायची, "रजिया, पिशवी फाटंल गो!"

२००३ साली मुसैब सुट्टीवर आला. "रजिया, किती सुटलीस गो!" एवढंच तो हसत बोलला. तिच्या मात्र ते मनाला फार लागलं. परत गेल्यावर त्यानं ओळखीच्या माणसाबरोबर वजन उतरवायच्या गोळ्या धाडल्या. रजियानं त्या डॉक्टरला न विचारताच सुरू केल्या. तिची भूक मेली. मासळीच्या वासानंही तिला मळमळायचं.

आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात. रजियानं आपल्या पोटावरून घर ओळखलं. थोडे तांदूळ, एक दुधी, बास! मासळीबाजाराकडे तर ती फिरकेना. मी लोंबकळत घरी यायचे. मला चीड यायची, पण मला कोण विचारतंय?

"मा, पुरलं ना?" रजिया सासूच्या ताटाकडे न बघताच विचारायची.

"पुरलं गो," हलिमाबी म्हणायची. सुनेलाच अन्न जात नाही, बिचारी आजारी असेल, तिला आणखी रांधायला कसं लावायचं, असं म्हातारीला वाटे.

वर्षानं मुसैब आला. बारीक झालेली बायको बघून खूश झाला. मग त्यानं आईचा हात हातात घेतला, तर नुसती हाडं! "मा, तू पण त्या गोळ्या घेतेस काय?"

"नाय रे बाळा," ती हळूच म्हणाली. "मला भूक लागते."

रजिया ओक्साबोक्शी रडली. मला उचलून बाजारात धावली आणि काठोकाठ भरून आणलं. त्या दिवशी मी जड होते, पण आनंद कसला? हलिमाबीला दोन घासांच्या वर जाईना. पुढच्याच आठवड्यात तिला ताप भरला. तो सोसायचं बळ तिच्या अंगात उरलं नव्हतं. मुसैबची सुट्टी संपायच्या आत ती गेली.

मित्रांनो, बाजाराला निघताना घरातल्या प्रत्येकाला विचारून निघा. आणि म्हातारी माणसं "नको" म्हणाली, तरी त्यांना वाढा.